बेकरीपर्यंत आणि परत

"आधी काय सांगायचं ते ठरवू, मग चहा," धाकटा म्हणाला आणि त्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

नानांना ते आवडलं नाही. हे शटर दिवसाउजेडी खाली आलं होतं ते वडील गेले तेव्हा आणि मुलांची आई गेली तेव्हा. आता कोण गेलंय, असं विचारायचं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मुलाशी बोलणं नुकतंच कुठे पुन्हा सुरू झालं होतं, आणि ते असल्या एका वाक्यावरून बंद पाडण्यात शहाणपण नव्हतं. त्यांनी शब्द गिळला आणि ते मागच्या खोलीत जाऊन बसले.

लांब टेबलावर प्लास्टरचे वाळलेले डाग होते. भिंतीच्या फळीवर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे पांढरे साचे ओळीने उभे होते. या खोलीत नानांच्या वडिलांनी लाकडाचे पाय तासले आणि नानांनी सगळा जन्म कृत्रिम पाय बनवण्यात घालवला. ज्याच्यासाठी ही मंडळी जमली होती तो त्यांचा भाऊ, मुलांचा काका, नेहमीसारखा उंच स्टुलावर बसून डावा पाय झुलवत होता.

तो पाय मांडीच्या मध्यापासून खाली त्याचा नव्हता. तो रंगारी होता आणि परांचीवरून पडून पाय गेल्याला बरीच वर्षं झाली होती. मांडी ज्यात बसते ती वाटी नानांनी घडवलेली, पण तिच्याखालचा गुडघा ताईचा, म्हणजे नानांच्या मुलीचा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तिने त्याच्यापायी सहा-सात वर्षं घातली होती. ठेच लागली की हा गुडघा स्वतःहून आवळत असे आणि माणसाला पडू देत नसे. असा तो जगात एकच होता आणि सध्या स्टुलावर झुलत होता.

"झुलवू नकोस रे," नाना म्हणाले.

"आहे तोवर झुलवून घेतो," काका म्हणाला.

एरवी यावर काकू काहीतरी टाकून बोलली असती. आज तिनेही मान वर केली नाही.

"संध्याकाळी विद्यापीठाच्या बाई येतील," ताई म्हणाली. "त्या हस्तांतरण कक्षाच्या. आमच्या शोधांसाठी कंपन्या शोधून देतात, त्या. त्यांचा प्रश्न एकच असणार आहे. काका हा गुडघा लावून रस्त्यावर पहिल्यांदा कधी आला."

"हिवाळ्यात," नाना म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

"तेच तर, नाना." धाकटा खुर्ची ओढून समोर बसला. "पेटंटचा अर्ज गेला उन्हाळ्यात. अर्जाच्या आधी वस्तू चारचौघांत आली की कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही. नवी नाही म्हणजे पेटंट टिकत नाही. आणि पेटंट टिकत नसेल तर कंपनी हा गुडघा करायला घेणार नाही. काका आधीपासून फिरत होता असं त्यांच्या कुणीतरी माणसाने ऐकलंय."

"फिरत नव्हता. आपण चालवून बघितला."

"रस्त्यावर."

"मग काय छतावर चालवायचा होता?"

खरं म्हणजे या घरात दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. घरातल्या फरशीवर सगळेच चांगले चालतात, असं नानांचे वडील म्हणत. म्हणून इथे नवा पाय तयार झाला की माणसाने तो लावून दुकानातून निघायचं, शिंप्यासमोरून, न्हाव्यासमोरून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जायचं, तिच्या तीन पायऱ्या चढायच्या, उतरायच्या आणि परत यायचं. पाय बनवणाऱ्याने रस्त्याच्या बाजूने त्याच्या शेजारी चालायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पायऱ्या उतरून झाल्या की एकच वाक्य बोलायचं, कुठे टोचतंय का. ते होईपर्यंत पाय पुरा झाला असं कुणी म्हणत नसे. ताई शाळेत असताना गणिताचा पेपर कसा गेला असं विचारलं तरी तिचं उत्तर असायचं, बेकरीपर्यंत गेला, परत यायचाय.

त्या हिवाळ्यात काका तिसऱ्या पायरीवरून खाली आला तेव्हा नानांनी तेच वाक्य विचारलं होतं. काका म्हणाला होता, नाना, गुडघा आहे हेच विसरलो होतो बघ. आख्खी गल्ली बघत होती. नानांना आपले वडील तिथे हवे होते असं इतकं वाटलं की त्यांना तोंड फिरवून उभं राहावं लागलं. आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस आता गुन्हा म्हणून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला होता.

"मला कुणी सांगितलं होतं का नेऊ नका म्हणून?" ते म्हणाले.

"मी सांगितलं होतं, नाना," ताई हळूच म्हणाली. "कुणाला दाखवायचा नाही म्हणून."

"मी कुठे कुणाला दाखवला? मी चालवून बघितला."

दाखवायचं नाही म्हणजे व्याख्यानात, लेखात, परिषदेत दाखवायचं नाही, असंच ताईलाही वाटलं होतं. त्या दिवशी ती स्वतः हातात घड्याळ धरून दोघांच्या मागून बेकरीपर्यंत चालत गेली होती.

*

धाकट्याने सगळं ठरवून आणलं होतं. विमा कचेरीतली सुखाची नोकरी सोडून तो या गुडघ्याच्या मागे लागला होता. कंपनीने त्याला विक्रीचं काम देऊ केलं होतं, आणि दुकानात चिकट्याने हात न बरबटवताही आपण या घराच्या कामाला लागू शकतो असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं होतं. गेल्या वर्षीच्या भांडणात नाना त्याला म्हणाले होते की तुला पायातलं काय कळतं. ते त्याने अंगाला लावून घेतलं होतं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "काका सांगेल, उन्हाळा संपल्यावर बाहेर पडलो. तोवर घरातल्या घरात चालत होतो. बस्स."

"खोटं," नाना म्हणाले.

"काही महिन्यांचं खोटं, नाना. चोरी नाही, दरोडा नाही. गुडघा ताईचाच आहे, तिनेच शोधलाय. यात फसतंय कोण?"

नानांनी ताईकडे बघितलं. ती आपल्या बाजूने बोलेल अशी त्यांची खात्री होती. लहानपणापासून या बापलेकीचं गूळपीठ, धाकटा नेहमी बाहेर. ताई टेबलावरचा प्लास्टरचा डाग नखाने खरवडत होती.

"ताई?"

"नाना, तुमच्याकडे येणारी ती पोहण्याची शिक्षिका," ती म्हणाली. "दर वेळी विचारते ना, मला कधी मिळणार म्हणून. तिला काय सांगायचं? माझ्या बापाने बेकरीपर्यंत चालवून बघितला म्हणून आता कुणालाच मिळणार नाही?"

हे धाकट्यालाही अनपेक्षित होतं. बहीण आपल्या बाजूला आली याचा त्याला आनंद व्हायला हवा होता, पण नानांचा चेहरा बघून त्याला तो झाला नाही. म्हातारा एकदम लहान दिसायला लागला होता.

"तू काय म्हणतेस?" नाना शेवटी काकूकडे वळले. काकूचं आणि धाकट्याचं त्या भांडणापासून फाटलेलं होतं. निदान ती तरी त्याला झापेल अशी आशा होती.

"मी म्हणते हा बरोबर बोलतोय, भाऊजी," काकू म्हणाली. "खोटं तर खोटं. पाप लागायचं ते मला लागू दे."

*

काकूला पापाची भीती नव्हती. तिला आवाजाची भीती होती.

जुन्या गुडघ्याच्या काळात ती घरात असायची ती कान लावूनच. नवरा मोरीत गेला की कान मोरीत, जिन्यावर गेला की कान जिन्यावर. भाजी चिरताना, शेजारणीशी बोलताना, झोपेतसुद्धा एक कान त्याच्या मागे असायचा. मग कधीतरी तो आवाज यायचाच, आधी काहीतरी आपटल्याचा आणि मग माणूस पडल्याचा. एकदा त्याचं मनगट मोडलं, एकदा कपाळ फुटलं. धावत जावं तर तो खाली बसल्या बसल्या काहीतरी विनोद करायचा, आणि तिला त्या विनोदाचाच जास्त राग यायचा. हिवाळ्यापासून तो एकदाही पडला नव्हता. तिचा कान रिकामा झाला होता. ती आता नळाखाली भांडी घासताना गुणगुणायची, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"अहो, म्हणून दाखवा," ती नवऱ्याला म्हणाली. "समजा, मी त्या बाई. मी विचारते. तुम्ही पहिल्यांदा बाहेर कधी पडलात?"

"कुठून?"

"चेष्टा नको."

"उन्हाळा संपता संपता," काका म्हणाला. "त्याआधी घरातच. मोरी ते गॅलरी, गॅलरी ते मोरी. बायको म्हणाली, वाटेतून उठा, फरशी पुसायचीय."

"ते फरशीचं नको."

"ते फरशीचं आहे म्हणून तर खरं वाटेल. भिंत रंगवताना एखादा ओघळ मुद्दाम सोडावा लागतो."

धाकट्याला हसू आलं. काकूलाही आलं असतं, पण तिने नवऱ्याचे डोळे बघितले. थापा मारण्यात हा माणूस पटाईत होता, पण त्या सगळ्या हसवायच्या थापा. कामाची थाप त्याने कधी मारली नव्हती. रंगाचा एक हात दिला तर दोन दिले असं त्याने कधी कुठल्या घरमालकाला सांगितलं नव्हतं.

"आणि बेकरीवाला?" काका अचानक म्हणाला. "शिंपी? न्हावी? त्यांना सांगायला नको?"

"अजिबात नको," धाकटा म्हणाला. "चार तोंडांना सांगितलं की चाळीस तोंडांना होतं. बेकरीवाल्याला कोण विचारायला जातंय?"

नाना उठून पायाचे पट्टे शिवायच्या यंत्रापाशी जाऊन बसले. "मला विचारलं तर मी काही सांगणार नाही," ते म्हणाले. "हो पण नाही आणि नाही पण नाही. एवढंच होईल माझ्याच्याने."

तेवढं पुरेसं होतं. काकू चहा टाकायला गेली.

*

बाई आल्या त्या शटरखालून वाकून. त्या नेहमीपेक्षा दमलेल्या दिसत होत्या. खांद्यावर कचेरीची पिशवी, हातात बिस्किटांचा पुडा. तो त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवला आणि ताईच्या शेजारी बसल्या. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. हवेबद्दलही बोलल्या नाहीत. ताईला ते खटकलं. बाई बोलक्या होत्या. ताईच्या गुडघ्यासाठी त्यांनी दोन वर्षं कंपन्यांचे उंबरे झिजवले होते, आणि कंपनीचा होकार आला त्या दिवशी दोघींनी कचेरीच्या जिन्यात एकमेकींना मिठी मारली होती.

"मला एकच विचारायचंय," बाई काकाला म्हणाल्या. "तुम्ही हा गुडघा लावून बाहेर पहिल्यांदा कधी पडलात?"

"उन्हाळा संपता संपता," काका म्हणाला. त्याने पाय झुलवायचा थांबवला होता. "त्याआधी घरातच. मोरी ते गॅलरी, गॅलरी ते मोरी. ही म्हणायची, वाटेतून उठा, फरशी पुसायचीय."

छान सांगितलं त्याने. ताईचा जीव भांड्यात पडला. काकूने चहाचे कप खाली ठेवले आणि, हो ना, काय ती कटकट, असं काहीतरी म्हणाली. धाकटा म्हणाला, "आम्हीच बाहेर जाऊ देत नव्हतो." नाना यंत्राच्या चाकावर हात ठेवून भिंतीकडे बघत बसले होते.

बाईंनी काही लिहून घेतलं नाही. त्या बिस्किटांच्या पुड्याकडे बघत होत्या. ताईनेही तिकडे बघितलं. तपकिरी कागद, वरून आडवा-उभा पांढरा दोरा. असा दोरा या भागात एकच माणूस बांधत असे.

"मी लवकर पोचले होते," बाई म्हणाल्या. "म्हटलं रिकाम्या हाताने कसं जायचं. कोपऱ्यावर बेकरी दिसली. मी फक्त दुकानाचा पत्ता विचारला हो, बाकी काही विचारलं नव्हतं. तर त्यांनी मला बसवलंच."

काकू रिकामा ट्रे धरून तशीच उभी राहिली.

"काय थंडी होती म्हणाले. तुम्ही कोट घातला होता म्हणे आणि कठडा न धरता वर चढलात. शिंपी कात्री हातात घेऊनच बाहेर आला होता. त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला फुकट पाव वाटले. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते." बाईंनी पुडा जरा दूर सरकवला. "मी ते ऐकलं नसतं तर फार बरं झालं असतं."

"मग नाहीच ऐकलं असं समजा," धाकटा म्हणाला. "तुम्हाला कुणी विचारलंय? आमचं म्हणणं काकाने सांगितलं. ते पुढे द्या. बास."

"मला जे न विचारता ऐकू आलं ते कंपनीच्या वकिलाला विचारल्यावर ऐकू येणार नाही का? तोही बिस्किटं खातच असेल." बाईंनी कपाळ दाबलं. "उद्या दुसऱ्या कुठल्या कंपनीने हाच गुडघा करायला घेतला आणि भांडण कोर्टात गेलं, तर ही सगळी गल्ली साक्षीला उभी राहील. आनंदाने उभी राहील. हे दिसत असताना कुणी यात हात घालणार नाही. मी आज आले ते एखादी फट सापडते का बघायला. खरं सांगू का, तुम्ही मला खोटं सांगावं अशीच माझी इच्छा होती."

ताईला रडू आलं नाही. तिला फक्त बसल्या जागी फार थकवा आला, आजारातून उठल्यावर येतो तसा. एवढी वर्षं रविवार नाही, सुट्टी नाही, आईच्या आजारपणातही अर्धं लक्ष गुडघ्याच्या त्या वाकणाऱ्या दांड्यात. आई एकदा म्हणाली होती, तुझं हे झालं की मग निवांत बोलू.

"पण म्हणजे आता हा कुणाच्या मालकीचा नाही?" काका म्हणाला. "कुणीही करू शकतो?"

"कुणीही."

"मग चांगलंच झालं की. करा म्हणावं सगळ्यांनी."

"कुणीही करू शकतो म्हणूनच कुणी करणार नाही," बाई म्हणाल्या. "बाजारात आणायच्या आधी तो यंत्रावर लाखो वेळा वाकवून दाखवावा लागतो, माणसांवर तपासावा लागतो, परवानग्या काढाव्या लागतात. त्यात वर्षं जातात. ते सगळं एकाने करायचं आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने आयतं उचलायचं, तर पहिला माणूस सुरुवातच कशाला करेल? माझ्या कक्षात एक खोली भरून वस्तू आहेत अशा. सगळ्या चांगल्या आहेत. पाणी गाळतात, ताप ओळखतात. तिथे पडून आहेत."

"मी बनवतो," नाना म्हणाले.

ते यंत्रापासून उठून टेबलाशी आले होते. "इथे बनवतो. या टेबलावर. माझी मुलगी शिकवेल मला."

"परवानगीशिवाय तुम्ही तो एका माणसाच्या पायात बसवलात, नाना, तर हे दुकान बंद होईल. त्या पोहण्याच्या शिक्षिकेला मग साधा पाय कोण देणार?" ताई म्हणाली.

नानांनी अर्ध्यावर आलेल्या शटरकडे बघितलं आणि ते खाली बसले. धाकट्याने नकळत त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नानांनी तो झटकला नाही. सबंध वर्षात या दोघांनी एकमेकांना हात लावायची ही पहिलीच वेळ होती.

"आणि हा?" काकूने विचारलं. ती नवऱ्याच्या स्टुलामागे जाऊन उभी राहिली होती. "हा राहील ना?"

बाईंनी ताईकडे बघितलं. ताईला माहीत होतं. ती सकाळपासून फक्त याच प्रश्नाची वाट बघत होती.

"तो विद्यापीठाचा आहे, काकू," ती म्हणाली. "करार होईपर्यंत चाचणी म्हणून बाहेर ठेवायला दिला होता. करार नाही तर चाचणी नाही."

"एकच तर आहे. तुमच्या खोलीत ठेवून काय करणार त्याचं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "पण मंजुरी नसलेली वस्तू आहे. उद्या हे त्याच्यावरून पडले तर जबाबदार कोण?"

"याच्यावरून कुणी पडत नाही," काकू म्हणाली. "बाकी सगळ्यांवरून पडतात. याच्यावरून नाही."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी आज न्यायचा नाही असंही करू शकते. मग परवा दुसरं कुणीतरी येईल आणि तुमच्या पुतणीला विचारेल की बाई, ही वस्तू अजून बाहेर कशी."

काकाने तोवर पँट वर करायला घेतली होती.

"अगं, असू दे," तो काकूला म्हणाला. "ताई नोकरीत राहिली तर अजून एखादा करेल. नाना, छोटा पाना कुठाय तुझा?"

*

नानांनी गुडघा सोडवला. त्यांच्या हाताला हे काम झोपेतही जमलं असतं, पण आज एक स्क्रू दोनदा हातून निसटला आणि धाकट्याने गुडघे टेकून टेबलाखालून शोधून दिला. ताईने गुडघा मऊ कापडात गुंडाळून बाईंना दिला. बाईंच्या कचेरीच्या पिशवीत तो सहज मावला. बाई मागच्या गल्लीने गेल्या. बिस्किटांचा पुडा तसाच राहिला, दोरा न सोडलेला.

फळीवरचा जुना गुडघा काढून नानांनी तेल दिलं आणि वाटीखाली बसवला. मग ते दुकानात गेले आणि त्यांनी शटर पूर्ण वर केलं.

"चल," ते म्हणाले.

"आता?" काका म्हणाला. "हा काय नवा आहे? वीस वर्षं लावलाय मी."

"आज बसवला ना? मग चालवून बघायला हवा."

काकू म्हणाली, "भाऊजी, आज राहू द्या." पण काका काठी घेऊन उठला होता. काही झालं तरी आपला भाऊ घरातल्या फरशीवर कुणाला सोडणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि का कोण जाणे, त्याला तेवढंच बरं वाटत होतं.

जुना गुडघा पुढे टाकला की टक् असा आवाज यायचा. हिवाळ्यापासून काका तो आवाज विसरला होता. आता प्रत्येक पावलाला तो होता, आणि प्रत्येक पावलाआधी खाली बघायला लागत होतं. वर बघून चालायची सवय लागायला काही महिने गेले होते, मोडायला एक गल्ली पुरली. शिंप्याने मान वर केली आणि परत कापडात घातली. न्हाव्याने हात केला. नाना रस्त्याच्या बाजूने चालत होते, तोंड बंद ठेवून. ताई मागून आली नव्हती.

बेकरीच्या पायऱ्यांशी काका थांबला. मग त्याने कठडा धरला, चांगला पाय वर ठेवला, मेलेला मागून ओढून घेतला. एक. परत कठडा. दुसरी. तिसरीवर पोचेपर्यंत त्याला घाम आला होता.

बेकरीवाला हात पुसत दारात आला. त्याची नजर सरळ गुडघ्यावर गेली.

"हा तो नाही," तो म्हणाला. "नवा कुठे गेला?"

काकाने नानांकडे बघितलं. नाना खाली पायरीशी उभे होते आणि कठड्याकडे बघत होते. तिथला रंग काकानेच कधीतरी दिलेला होता.

"दुरुस्तीला दिलाय," काका म्हणाला.

"बिघडला? एवढ्यात?"

"छे. घासला थोडा. एवढं हिंडलोय त्याच्यावर, घासणारच."

"मग ठीक." बेकरीवाल्याचा चेहरा खुलला. "अरे, मघाशी त्या विद्यापीठाच्या बाई आल्या होत्या. म्हटलं, बसा, तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगतो. काय थंडी होती, तू कसा वर आलास, सगळं सांगितलं. अगदी कान देऊन ऐकत होत्या. म्हटलं, आपल्या दोन शब्दांनी तुमच्या पोरीचं काम होत असेल तर बरंच आहे."

"बरं केलंस," काका म्हणाला.

"कामाला आलं ना?"

"आलं की. खूश होत्या बाई."

बेकरीवाल्याला ते लगेच पटलं. तो पाव काढायला आत गेला.

काका आडवा झाला आणि एकेक पायरी उतरू लागला, खेकड्यासारखा तिरपा, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. शेवटच्या पायरीवर गुडघा आतल्या आत वाकला. नानांनी पुढे होऊन त्याला काखेत धरलं आणि दोघं भाऊ तसेच क्षणभर उभे राहिले. गल्लीत सगळे आपापल्या कामाकडे बघत होते.

"कुठे टोचतंय का?" नानांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाला, आणि त्याने काठी पुढे टाकली.